आधी गुत्तेदार, मग दवाखाना

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत सरकार पहिल्यांदा आलं ते शिंदीच्या गुत्तेदाराच्या रूपानं, असं आबा म्हणायचे. दवाखाना फार पुढची गोष्ट. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा अंमल, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. हैदराबादच्या खजिन्यात अबकारीचा पैसा मोठा, त्यामुळे ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांची मोजदाद व्हायची. खोकून मेलेल्या माणसांची मोजदाद कुणी केल्याचं आबांच्या ऐकिवात नव्हतं.

आबांचे थोरले भाऊ शिंदीचे शौकीन, कानावर कायम बिडी. खोकल्यातून रक्त पडायला लागलं तशी घरच्यांनी त्यांची बाज शेळ्यांच्या वाड्यात टाकली. क्षयावर शेळीचं दूध आणि शेळ्यांतच निजणं हा जुना वैद्यकी उपाय. हसण्यावारी नेऊ नये. वाडा तिन्ही बाजूंनी उघडा, अंगावर ऊन, वाहतं वारं. पैसेवाल्यांना मिरजेला नाहीतर पाचगणीला आरोग्यधामात जाऊन जे मिळायचं, त्यातलं निम्मं त्यांना लेंड्यांच्या वासासकट फुकट मिळालं. औषध तिथंही नव्हतंच. अमेरिकेत 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं होतं, पण ही बातमी नाका ओलांडून आमच्याकडे यायला बरीच वर्षं गेली.

1947 च्या ऑगस्टमध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह पेटला. निजामाचं उत्पन्न बुडवायचं म्हणून मराठवाड्यात ठिकठिकाणी लोक कुऱ्हाडी घेऊन शिंदीच्या झाडांवर तुटून पडले. आमच्या ओढ्यावरही झाडं पडली. थोरले भाऊ वाड्याच्या खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, एक तर ठेवा!" ही गोष्ट सांगताना आबा हसायचे, मग गप्प व्हायचे. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं, तोवर भाऊ गेले होते. त्यांचं पितळी ताट आजीनं राखेनं सात वेळा घासलं आणि तरीही पुरून टाकलं.

त्या ताटामागच्या लागणीच्या भीतीचा प्रश्न पुढं मद्रासला सुटला. तिथं 1956 पासून क्षयाच्या गरीब रोग्यांचे दोन गट केले, एक आरोग्यधामात, एक आपापल्या घरी, आणि औषधं दोघांना सारखी. घरचेही तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना लागण काही जास्त झाली नाही. त्याच आधारावर 1962 चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला. आजीला हे कुणी सांगितलं असतं तरी ताट तिनं पुरलंच असतं, असं मला वाटतं.

आमच्या गावाची अडचण आणखी वेगळी. गाव मिरचीचं. बाजार मोठा, परमुलखातले व्यापारी येतात. घरोघरी लाल मिरची कुटायला काढली की अख्खी आळी ठसकते. त्यात चुलीचा धूर, बायकांची मिसरी भाजण्याचा खकाणा, बाप्यांची बिडी. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासा, असं आरोग्य खातं सांगतं. आमच्याकडे दोन आठवडे मोजायला सुरुवात नेमकी कुठून करायची?

बिडी ओढणाऱ्याला क्षयाचा धोका जवळपास दुप्पट, रोज पिणाऱ्यालाही तो जास्त, आणि पीतच गोळ्या घेतल्या तर यकृताचे हाल. म्हातारी माणसं हे सगळं एकाच दमात सांगायची: "प्याला, फुकला, खोकला, गेला." सरकारात मात्र दारू उत्पादन शुल्काकडे, गुटख्याची 2012 ची बंदी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि खोकला आरोग्य खात्याकडे. दारू प्यायला महाराष्ट्रात अजून परवाना लागतो, हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

आमच्या धाकट्या काकांना क्षय निघाला तेव्हा सहा महिन्यांच्या गोळ्या घरपोच झाल्या. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली, तसे ते हादरले; ते औषधाचंच आहे हे आशाताईंनी दोनदा सांगितलं. पोषणाचे पैसे खात्यावर, आता महिन्याला 1000 रुपये. आणि क्षयाच्या नोंदीतच तंबाखूचं आणि दारूचंही विचारतात, हे मला फार आवडलं.

"काका, बिडी?"

"सोडली."

"कधीपासून?"

"सकाळपासून," काका म्हणाले. आशाताईंनी तसंच लिहून घेतलं.