तेलाची वंशावळ

भर समुद्रावर तरंगणाऱ्या बेवारशी तेलाचा धनी शोधून काढणारी जी रासायनिक विद्या आज न्यायालयांच्या कामी येते, तिचा जन्म एका निखळ शास्त्रीय जिज्ञासेतून झाला. 1934 च्या सुमारास आल्फ्रेड ट्राइब्ज या जर्मन रसायनज्ञाने खनिज तेलात पॉर्फिरिन वर्गाची संयुगे ओळखली, वनस्पतींच्या हरितद्रव्याशी त्यांचे नाते जुळविले, आणि तेलाच्या अंगी पुरातन जीवांची खूण शाबूत असते हे सिद्ध केले. ती खूण वाचण्याचे साधन, वायु-वर्णलेखन म्हणजेच गॅस क्रोमॅटोग्राफी, 1952 मध्ये जेम्स आणि मार्टिन या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले.

18 मार्च 1967 रोजी ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज कॉर्नवॉलनजीक खडकावर आदळून लक्षावधी मण तेल समुद्रात गेले, तेव्हा जगाचे डोळे उघडले. आणि 1969 च्या सप्टेंबरात ‘फ्लोरिडा’ नावाचा तेलवाहू पडाव मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याशी रुतला असता, वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेच्या माक्स ब्लूमर यांनी, पृष्ठभागावरून केव्हाच नाहीसे झालेले तेल तळच्या गाळात ओळखून दाखविले.

अडचण अशी की, समुद्रात पडलेले तेल क्षणोक्षणी पालटते: हलके अंश उडून जातात, ऊन काही अंशांचे विघटन करते, जिवाणू सरळ साखळीच्या रेणूंवर आधी ताव मारतात. या सर्व लुटीतून बहुधा बचावतात ते प्राचीन जिवाणूंच्या आवरणांपासून उतरलेले ‘होपेन’ नामक चिवट रेणू. व्यापाराच्या लेखी त्यांना कवडीचीही किंमत नाही, परंतु त्यांचे परस्परप्रमाण तेलाच्या उगमानुसार बदलत असल्यामुळे तपासात त्यांचीच जबानी ग्राह्य धरली जाते.

2012 मध्ये मेक्सिकोच्या आखातात, 2010 साली फुटून पुढे बुजविलेल्या मॅकोन्डो विहिरीच्या परिसरात, तेलाचे तवंग पुन्हा दिसू लागले. त्यांत खोदकामाच्या द्रवातील ओलेफिन ही संयुगे सापडल्यामुळे संशयाची सुई विहिरीवरून, त्याच दुर्घटनेत बुडालेल्या तेलमंचाच्या भग्नावशेषांकडे वळली. गोव्याच्या पुळणीवर येणाऱ्या डांबरी गोळ्यांचे मूळही दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच रीतीने धुंडाळले आहे.

तथापि ही विद्या तुलनेवर उभी आहे: तवंगाचा नमुना कितीही बोलका असला, तरी संशयित जहाजाच्या टाकीतील तेल मोहोरबंद होऊन शेजारी येईपर्यंत तो फार तर आपले कूळ सांगतो, आरोपीचे नाव सांगण्यासाठी त्याला रीतसर पंचनाम्याचीच जोड लागते.