डोक्यावरचं लोखंड : रोल केजच्या उंचीचा थोडा इतिहास

गेल्या काही वर्षांत आपल्या मराठी घरांच्या ड्राइव्हवेमध्येही एक नवी गाडी दिसू लागली आहे. दोन किंवा चार जण शेजारी-शेजारी बसतात, चाकं जाडजूड, दारं नावापुरती आणि डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा. हिला इथे 'साइड-बाय-साइड' म्हणतात. मुलं वाळूच्या टेकड्यांवर नाहीतर चिखलात ती पळवतात आणि आईवडील घरी बसून देवाचं नाव घेतात!

ही गाडी घेतली की वर्षभरात एक विचार बहुतेकांच्या डोक्यात येतो. पिंजरा फार उंच वाटतो, कापून तीन-चार इंच खाली आणला तर? गाडी चपटी, रुबाबदार दिसेल, ट्रेलरमध्ये सहज मावेल, उलटण्याची भीतीही कमी होईल. गावात वेल्डिंग करणारा असतोच. मग पाइप कापायला किती वेळ लागतो?

पण ती उंची आली कुठून, हे बघण्यासारखं आहे. त्यामागे दोन वेगवेगळे इतिहास आहेत. एक शेतातला, छप्पर वर ठेवणारा. दुसरा शर्यतीच्या मैदानातला, छप्पर खाली आणणारा.

आधी शेतातला. ट्रॅक्टर आला तेव्हा चालकाच्या डोक्यावर काहीच नसे. उतारावर ट्रॅक्टर कलंडला, किंवा मागचं ओझं अडकून पुढची चाकं उचलली गेली, की तो सरळ चालकाच्या अंगावर. मागे उलटायला दीड सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तेवढ्यात उडी मारणं माणसाला जमत नाही. स्वीडनने यावर उपाय शोधला. चालकाच्या भोवती मजबूत चौकट बसवायची आणि ती जड लंबकाचे दणके देऊन तपासायची. १९५९ पासून तिथे नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची झाली. परिणाम काय झाला? १९५७ मध्ये दर एक लाख ट्रॅक्टरांमागे ट्रॅक्टर उलटून वर्षाला १७ माणसं दगावत होती, १९९० पर्यंत तो आकडा ०.३ वर आला. शेती तीच, उतारही तेच. मोठा फरक पडला तो त्या चौकटीने.

अमेरिकेत हे काम सावकाश झालं. १९६६ मध्ये जॉन डीअर कंपनीने अशी चौकट विकायला काढली आणि पुढे तिची रचना इतर कंपन्यांनाही मोकळी करून दिली. १९७६ च्या ऑक्टोबरपासून पगारी कामगार चालवत असलेल्या नव्या ट्रॅक्टरांना ती लागू झाली. १९८५ च्या सुमारास कंपन्यांनी आपण होऊन जवळपास सगळ्याच नव्या ट्रॅक्टरांवर ती बसवायला सुरुवात केली. जुने ट्रॅक्टर मात्र तसेच राहिले. म्हणून न्यूयॉर्क राज्याला २००६ मध्ये शेतकऱ्यांना पैसे देऊन जुन्या ट्रॅक्टरांवर चौकटी बसवून घेण्याची योजना काढावी लागली.

गंमत म्हणजे 'उंची कमी करा' ही मागणी तिथेही आलीच. फळबागेत फांद्या लागतात, गोठ्याचं दार बुटकं असतं. मग घडीची चौकट निघाली. हवी तेव्हा खाली पाडा, काम झालं की उभी करा. पण माणसाचा स्वभाव बघा, एकदा पाडलेली चौकट पुन्हा उभी करायचं राहूनच जातं, आणि ट्रॅक्टर उलटतो तो नेमका त्याच दिवशी. शेवटी अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने, म्हणजे नायॉशने, एरवी खाली दबून राहणारी आणि ट्रॅक्टर उलटू लागताच स्प्रिंगच्या जोरावर आपोआप वर येणारी चौकट तयार करून दाखवली. चौकट बुटकी हवी हे त्यांनी मान्य केलं. पण जमिनीवर आदळण्याच्या क्षणी ती पूर्ण उंचीवर असलीच पाहिजे, ही अट सोडली नाही.

आता दुसरा इतिहास. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक आणि एल मिराज इथे कोरड्या तलावांचे सपाट तळ आहेत. १९३० च्या दशकात तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन तिथे वेगाच्या शर्यती लावत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांची संघटनाही झाली. गाडी जितकी बुटकी तितका वाऱ्याचा अडथळा कमी, म्हणून ते छपराचे खांब कापून चार-सहा इंच काढून टाकत आणि पुन्हा जोडत. याला 'चॉप' म्हणत. चपटी गाडी म्हणजे वेगवान गाडी, हे डोळ्यांना पटलं ते तिथून. पुढे वेग वाढला, गाड्या उलटू लागल्या, तशा त्याच मंडळींच्या नियमांत आतून लोखंडी कमानी आल्या. आज अमेरिकेतल्या बऱ्याच शर्यत-संस्था सांगतात की हेल्मेट घालून बसल्यावरही वरची नळी दोन-तीन इंच उंच असली पाहिजे. म्हणजे छप्पर कापायची हौस ज्यांनी सुरू केली, त्यांच्याच परंपरेत 'एवढी जागा ठेवाच' हेही लिहिलं गेलं. रस्त्यावरच्या हौशी माणसाने पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी तिथेच ठेवली.

वाळवंटातल्या शर्यतीही याच भागातल्या. ब्रूस मेयर्स यांनी १९६४ मध्ये फायबरग्लासची हलकी, उघडी 'मँक्स' बगी बनवली, आणि १९६७ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पावरची पहिली लांब पल्ल्याची शर्यत तशाच बगीने जिंकली. साइड-बाय-साइडचं रूप बघितलं तर ते या बगीचं नातवंड वाटतं. हाडं मात्र ट्रॅक्टरची! कारण तिचे पूर्वज शेतावरची सामान वाहणारी छोटी वाहनं. कावासाकीची म्यूल १९८८ ची, जॉन डीअरची गेटर १९९० च्या दशकातली. यामाहाची ऱ्हायनो २००४ च्या मॉडेलपासून आणि पोलॅरिसची आरझेडआर २००८ च्या मॉडेलपासून आली, तेव्हा कामाची गाडी मौजेची झाली.

मौजेबरोबर वेग आला आणि वेगाबरोबर अपघात. ३१ मार्च २००९ रोजी अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने ऱ्हायनोच्या मोफत दुरुस्तीची घोषणा केली, तेव्हा आयोगाच्या तपासात पन्नासहून अधिक घटना आणि ४६ मृत्यू होते. दुरुस्ती काय होती? मागची चाकं थोडी बाहेर काढायची आणि मागचा अँटी-स्वे बार काढून टाकायचा. म्हणजे गाडी कमी उलटावी म्हणून हात घातला तो चाकांच्या रुंदीला आणि सस्पेन्शनला. पुढे २०१४ मध्ये आयोगाने या सगळ्या प्रकारच्या गाड्यांचा हिशेब मांडला : जानेवारी २००३ ते एप्रिल २०१३ या काळात ३३५ मृत्यू आणि ५०६ जखमी. ज्या ४२८ घटनांचा बारकाईने अभ्यास झाला, त्यांतल्या ६८ टक्क्यांत गाडी बाजूवर कलंडली होती. २०१६ मध्ये उद्योगाने आपले नियम आणखी कडक केले. या गाड्यांचा पिंजरा तपासण्याची पद्धत ट्रॅक्टर आणि तशाच यंत्रांसाठी तयार झालेल्या चाचण्यांवरूनच घेतलेली आहे.

ती चाचणी समजून घेतली की बराच उलगडा होतो. पिंजऱ्यावर बाजूने, मागून-पुढून आणि वरून ठरावीक जोर लावतात. पिंजरा वाकला तर चालतं. किंबहुना त्याने वाकावंच, कारण वाकताना तो दणका स्वतः पचवतो. अट एकच. वाकून तो माणसाच्या जागेत शिरता कामा नये. म्हणजे डोक्यावर जी रिकामी जागा दिसते ती वाया गेलेली नाही. पिंजऱ्याला वाकायला राखून ठेवलेली आहे. तीन इंच कापले तर पाइप तितकाच जाड राहील, पण वाकायची जागा मात्र जाईल. शिवाय नव्या जोडांची आणि बदललेल्या कोनांची कोणी चाचणी घेतलेली नसते.

'पण गुरुत्वमध्य खाली येतो ना?' असं मुलं हमखास म्हणतात. येतो, पण किती? समजा गाडी आणि माणसं मिळून १८०० पौंड, त्यांत पिंजरा १०० पौंडांचा. अख्खा पिंजरा ३ इंच खाली आणला तरी गुरुत्वमध्य उतरतो एक षष्ठांश इंच! खरं तर फक्त वरचाच भाग खाली येतो, म्हणजे त्याहूनही कमी. छपरावरचे जड दिवे, स्पीकर आणि सुटं चाक खाली घेतलं तर काहीही न कापता तेवढाच, किंबहुना जास्त फायदा होतो.

या गोष्टीत आपल्याकडचाही एक धागा आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. कापडी टपाची ती जीप गावोगाव फिरली. टप उन्हापावसापुरता, गाडी उलटली तर त्याचा काही उपयोग नाही. त्याच घराण्यातली 'रॉक्सर' २०१८ मध्ये मिशिगनमध्ये साइड-बाय-साइड म्हणून बाजारात आली, ती सीटांवर लोखंडी पिंजरा घेऊनच. सत्तर वर्षांत कापडाच्या जागी लोखंड का आलं, याचं उत्तर वर आलंच आहे.

मग पिंजरा कधी खाली आणूच नये का? तसं नाही. शर्यतीच्या गाड्या बनवणारे जाणकार तो आणतात, पण आधी सीट खाली घेतात. माणूस दोन इंच खाली बसला की पिंजरा दोन इंच खाली येऊ शकतो, मधली जागा तेवढीच राहते. आणि ते जुने खांब कापून जोडण्यापेक्षा पूर्ण पिंजरा नव्याने बांधतात. पट्टाही तितकाच महत्त्वाचा, कारण पिंजरा वाचवतो तो त्याच्या आत राहिलेल्या माणसालाच.

तेव्हा घरात हा विषय निघाला तर नुसतं 'नको' म्हणू नका. आधी माप घ्यायला सांगा. हेल्मेट घालून, पट्टा आवळून, सीटवर ताठ बसायचं आणि वरच्या नळीपर्यंतचं अंतर मोजायचं. आणि माप गाडीच्या मालकाचं घेऊन भागणार नाही. शेजारच्या सीटवर कोणाचा तरी उंच मित्र बसणार आहे. त्याला या कापाकापीबद्दल कोणी विचारलेलं नसतं. माप त्याचं घ्या.