स्पेक्ट्रम ॲनालायझर घरी बनवताना प्रत्येक भाग आधी वेगळा का तपासतात?

हौशी रेडिओचा ट्रान्समीटर 7 मेगाहर्ट्झवर चालत असला, तरी 14 आणि 21 मेगाहर्ट्झवरही त्याची थोडीफार ऊर्जा बाहेर पडते. या पटींना हार्मोनिक्स म्हणतात. त्या जोरकस असतील, तर इतरांच्या संदेशांत व्यत्यय येतो. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकद आहे, याचा आलेख दाखवणारं उपकरण म्हणजे स्पेक्ट्रम ॲनालायझर.

अमेरिकेतल्या वेस हेवर्ड आणि टेरी व्हाइट यांनी 1998 मध्ये ‘क्यूएसटी’ मासिकात घरी बनवता येईल अशी 70 मेगाहर्ट्झपर्यंतची रचना दिली. आजही अनेक हौशी मंडळी तिच्या आधारे हे उपकरण बनवतात.

काम कसं चालतं?

आत येणारा सिग्नल आधी लो-पास फिल्टरमधून जातो. मग मिक्सरमध्ये तो 110 ते 180 मेगाहर्ट्झ फिरणाऱ्या ऑसिलेटरशी मिसळतो. दोघांतला फरक 110 मेगाहर्ट्झ झाला, तरच सिग्नल पुढे जातो. म्हणजे ऑसिलेटर 117 वर आला की 7 मेगाहर्ट्झचा सिग्नल दिसतो. पुढे तो 10 मेगाहर्ट्झवर उतरवून त्याची ताकद मोजली जाते.

काय काय तपासायचं?

फिल्टर: ऑसिलेटर 117 वर असताना 227 मेगाहर्ट्झचा सिग्नलही नेमका 110 चाच फरक देतो. फिल्टरने तो अडवला नाही, तर पडद्यावर 7 च्या जागी खोटी रेघ उमटते. आज नॅनोव्हीएनए या छोट्या यंत्रावर फिल्टर किती अडवतो, हे दिसतं.

ऑसिलेटर: डायोडच्या ‘लेव्हल 7’ मिक्सरला 7 डीबीएम, म्हणजे सुमारे 5 मिलिवॅट ताकद लागते. ती 110 ते 180 या पूर्ण पट्ट्यात मिळते का, हे दोन्ही टोकांना आणि मध्येही मोजावं लागतं.

मिक्सर: ठरावीक ताकदीचा सिग्नल देऊन बाहेर किती येतो, ते पाहतात. 6-7 डेसिबेल घट नेहमीची. घट खूपच जास्त असेल, तर ऑसिलेटरची ताकद अपुरी आहे किंवा डायोड खराब झालाय, असा संशय घ्यावा.

मोजणारा भाग: इथे एडी8307 ही चिप असते. सिग्नल 10 डेसिबेलने वाढला की तिचं आउटपुट सुमारे 250 मिलिव्होल्टने वाढायला हवं. पायऱ्या असमान असतील, तर आलेखातली उंची चुकते.

या सगळ्या चाचण्या 50 ओहमच्या जोडणीत कराव्या लागतात, नाहीतर आकडे फसवे येतात.

जोडणीनंतरची परीक्षा

सगळे भाग चांगले असले, तरी सिग्नल फार जोरदार असेल, तर मिक्सर स्वतःच हार्मोनिक्स तयार करतो. मग दोष उपकरणाचा आणि संशय ट्रान्समीटरवर, असं होतं. यावर सोपा उपाय आहे. ॲनालायझरच्या तोंडाशी 10 डेसिबेलचा ॲटेन्युएटर लावायचा. 14 मेगाहर्ट्झची रेघ 10 डेसिबेलने खाली आली, तर ती खरोखर बाहेरून येतेय. सुमारे 20 ने घसरली, तर ती मिक्सरनेच तयार केली आहे.

ट्रान्समीटरचा सिग्नल मात्र थेट आत कधीच सोडू नये. काही वॅटची ताकदही मिक्सरचे डायोड जाळून टाकते.