कानाशी रेंगाळलेले ‘पुढील स्टेशन’

नवी मुंबई, प्रतिनिधी

मानखुर्द सोडून हार्बरची लोकल ठाणे खाडीच्या पुलावर येते. वर्तमानपत्रात डोके खुपसून बसलेल्या प्रवाशाला ‘पुढील स्टेशन वाशी’ ही उद्‌घोषणा झाल्याचे भानही नसते. तरी शेजाऱ्याने लगेच ‘कोणतं स्टेशन?’ असे विचारले, तर क्षणभर थांबून तो अचूक उत्तर देतो. लक्ष न देता ऐकलेला शब्दही तीन-चार सेकंद कानाशी रेंगाळतो. मानसशास्त्रात हा संवेदनिक स्मृतीचा प्रकार मानला जातो.

डोळ्यांची स्मृती याहून अल्पायुषी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० साली तिचे मोजमाप प्रसिद्ध केले. तीन ओळींतील बारा अक्षरे सेकंदाच्या विसाव्या भागापुरती दाखवली, तर माणसे चार-पाचच सांगू शकत. मात्र अक्षरे नाहीशी होताच उच्च, मध्यम वा खालच्या स्वराने खूण करून एकच ओळ विचारली, की तिच्यातील चारपैकी तीन अक्षरे बहुधा बरोबर येत. कोणती ओळ विचारणार हे आधी ठाऊक नसे. म्हणजे बहुतेक सारा तक्ता मनात उमटलेला होता. सांगेपर्यंत तो विरून जाई. खूण सेकंदभर उशिरा केली, तर हा लाभ उरत नसे.

मग बुद्धीचा संबंध कुठे येतो? इंद्रिये पुष्कळ टिपतात; त्यातले काय धरून ठेवायचे हे अवधान ठरवते आणि धरलेल्यावर काम करते ती कार्यकारी स्मृती. तर्कशक्तीच्या चाचण्यांशी ठळक संबंध आढळतो तो या शेवटच्या पायरीचा.

आपल्या परंपरेने एकाच वेळी शंभर गोष्टी ध्यानी ठेवण्याच्या प्रयोगाला स्मृती न म्हणता ‘शतावधान’ म्हटले, हे लक्षणीय आहे. श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ साली मुंबईत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये तो करून दाखवला. १८९१ मध्ये विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी त्यांना युरोपीय भाषांतील अनेक शब्द ऐकवले. त्यांनी ते त्याच क्रमाने परत सांगितले. मात्र आपण भारावलो ते या शक्तीने नव्हे, तर त्यांच्या शास्त्रज्ञानाने आणि चारित्र्याने, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे.

पाल्याला ‘स्मरणशक्तीच्या’ वर्गात घालू पाहणाऱ्या पालकांनी १९८० साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोगही ध्यानात घ्यावा. सामान्य बुद्धिमत्तेचा एक विद्यार्थी सुमारे दीड वर्षाच्या सरावाने सातऐवजी एकोणऐंशी अंक ओळीने सांगू लागला. अंकांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा तो सहाच्या आसपासच अडकला.