डिजिटल कॅमेरा व हौशी छायाचित्रण

डिजिटल कॅमेरा व हौशी छायाचित्रण : फिल्मऐवजी प्रकाशसंवेदी इलेक्ट्रॉनिक पृष्ठावर प्रतिमा टिपून ती अंकांच्या रूपात साठविणारे उपकरण म्हणजे डिजिटल कॅमेरा. व्यवसाय म्हणून नव्हे, तर आवडीपोटी छायाचित्रे काढणाऱ्याला कॅमेऱ्याच्या जोडीने लेन्स, ट्रायपॉड, फ्लॅश, मेमरी कार्ड व छायाचित्रे जपून ठेवण्याची सोय एवढे साहित्य लागते. त्याची निवड करताना विषयाकडून येणारा प्रकाश संवेदकापर्यंत पुरेसा व स्थिरपणे पोहोचेल काय, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे असते. मेगापिक्सेलच्या आकड्याचा विचार त्यानंतरचा.

इतिहास : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये सीसीडी हा प्रकाशसंवेदी घटक शोधला. या कार्याबद्दल त्यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या नमुना कॅमेऱ्याचे वजन सुमारे ३.६ किग्रॅ. होते. त्याची प्रतिमा १०० × १०० बिंदूंची, कृष्णधवल असे आणि ती कॅसेटच्या फितीवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. त्याच कंपनीतील ब्राइस बायर यांच्या रंगगाळण्यांच्या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळाले. मानवी डोळा हिरव्या रंगाला अधिक संवेदनशील असल्याने या रचनेत लाल किंवा निळ्या गाळण्यांच्या दुप्पट हिरव्या गाळण्या असतात. आजचे बहुतेक कॅमेरे हीच रचना वापरतात. १९९० नंतरच्या दशकात एरिक फॉसम यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या सीमॉस संवेदकांनी कमी वीज व कमी खर्च या बळावर कालांतराने सीसीडीची जागा घेतली.

निकॉन डी१ (१९९९) हा कॅमेरा वृत्तछायाचित्रकारांसाठी होता. कॅनन ईओएस ३००डी (२००३) अमेरिकेत हजार डॉलरांच्या आत मिळू लागला आणि आरसा असलेला डीएसएलआर कॅमेरा हौशी मंडळींच्या आवाक्यात आला. पॅनासॉनिकने २००८ मध्ये ल्युमिक्स जी१ हा अदलाबदलीच्या लेन्सचा आरसाविरहित म्हणजे मिररलेस कॅमेरा आणला. सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम संवेदकाचे मिररलेस कॅमेरे आणले, तर २०१८ मध्ये कॅनन व निकॉन यांनीही फुल फ्रेम मिररलेसच्या नव्या लेन्समालिका सुरू केल्या.

संवेदक : फुल फ्रेम संवेदक ३६ × २४ मिमी., एपीएस-सी सुमारे २३.५ × १५.६ मिमी. (कॅननचा किंचित लहान) आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी. असतो. क्षेत्रफळाने एपीएस-सी फुल फ्रेमच्या निम्म्याहून थोडा कमी, तर मायक्रो फोर थर्ड्स जवळपास पाव भरतो. बहुतेक मोबाइलमधील संवेदक फुल फ्रेमच्या दशांशाहूनही लहान असतात. प्रकाश कणांच्या रूपात येत असल्यामुळे कमी प्रकाशात चित्रावर दाणेदार खरखर दिसते. जमा झालेला प्रकाश चौपट झाला, तर चित्राची स्वच्छता साधारण दुप्पट होते. एकाच एफ-अंकावर (लेन्सच्या छिद्राच्या सापेक्ष मापावर) मोठा संवेदक एकूण अधिक प्रकाश गोळा करतो, हाच त्याचा मुख्य लाभ. मात्र त्याबरोबर लेन्सचा आकार, वजन आणि किंमतही वाढते.

मेगापिक्सेलचे महत्त्व मर्यादित आहे. २४ मेगापिक्सेलच्या चित्रात ६,००० × ४,००० बिंदू असतात. इंचाला ३०० बिंदू या दर्जाने त्याची २० × १३ इंचांची प्रत निघते. ४के पडद्यावर दाखविण्यास सव्वाआठ मेगापिक्सेल पुरतात. त्याहून अधिक संख्येचा उपयोग मोठी प्रत काढणाऱ्यास किंवा चित्राचा भाग कापून घेणाऱ्यास, विशेषतः पक्षी टिपणाऱ्यास होतो.

कॅमेऱ्यांचे प्रकार : डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून परावर्तित होऊन दृश्यदर्शकात दिसतो. मिररलेसमध्ये संवेदकावरील प्रतिमाच इलेक्ट्रॉनिक दृश्यदर्शकात दाखविली जाते. त्यामुळे चित्र उजळ येणार की काळवंडणार, हे बटण दाबण्यापूर्वीच कळते. पक्षी, प्राणी किंवा माणसाचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोयही मिररलेसमध्येच अधिक विकसित झाली. डीएसएलआरची बॅटरी सहसा अधिक चित्रे देते, शिवाय वापरलेले डीएसएलआर व त्यांच्या लेन्स स्वस्तात मिळतात. मिररलेसमध्ये लेन्सचा माउंट संवेदकाच्या जवळ असतो. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमधील ४६.५ मिमी. अंतर झेड माउंटमध्ये १६ मिमी. झाले. या मोकळ्या जागेत अडॅप्टर बसत असल्याने जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालतात, उलट मात्र होत नाही. कायमच्या जोडलेल्या लेन्सचे कॉम्पॅक्ट व लांब झूमचे ब्रिज कॅमेरे प्रवासात सोयीचे असतात.

लेन्स : कॅमेऱ्याची बॉडी काही वर्षांत मागे पडते, चांगली लेन्स मात्र दोन-तीन बॉडींना पुरते. म्हणून कॅमेरा निवडताना त्या माउंटच्या लेन्स कोणत्या व किती किमतीत मिळतात, हे आधी पाहावे. फोकल लेंथवरून दृश्याचा कोन ठरतो. एपीएस-सीवर ३५ मिमी. लेन्स फुल फ्रेमवरील ५० मिमी.च्या जवळपास दृश्य देते.

एपीएस-सी डीएसएलआरबरोबर बहुधा १८–५५ मिमी., एफ/३.५–५.६ ही किट लेन्स येते. दिवसा उघड्यावर ती पुरेशी असते. घरात किंवा सभागृहात ५५ मिमी.वर तिचे छिद्र एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. ५० मिमी. एफ/१.८ ही साधी प्राइम (एकाच फोकल लेंथची) लेन्स त्याच्या नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. त्यामुळे किट लेन्सला आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० लागणाऱ्या जागी तिला सुमारे ३२० पुरतो. नवी बॉडी घेण्यापेक्षा या स्वस्त लेन्सने चित्रात अधिक फरक पडतो.

विषयानुसार निवड : अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला मनाई आहे आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी पूर्वपरवानगी लागते. अशा ठिकाणी मोठ्या छिद्राची वाइड लेन्स व कंपनरोधक यंत्रणा उपयोगी पडते. चित्रे व शिल्पे हलत नसल्याने १/८ सेकंदासारखी संथ शटरगतीही हातात धरून साधते. चालत्याबोलत्या माणसांना हा उपाय लागू नाही, कारण ही यंत्रणा हाताचा कंप शोषते, समोरच्याची हालचाल थांबवू शकत नाही.

साताऱ्याजवळील कास पठारावर सीतेची आसवे, दवबिंदू यांसारख्या बारीक वनस्पती टिपण्यास १:१ वर्धनाची ९० ते १०५ मिमी. मॅक्रो लेन्स योग्य असते. या वर्धनावर एफ/८ लाही जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते, म्हणून कॅमेऱ्याचे पृष्ठ फुलाला समांतर धरावे लागते. भिगवणजवळ उजनी जलाशयात हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी नावेतून टिपताना ४०० ते ६०० मिमी. लेन्स आणि उडत्या पक्ष्यासाठी १/१००० ते १/२००० सेकंद शटरगती लागते. हलत्या नावेत ट्रायपॉडचा उपयोग नसतो. पंढरीच्या वारीत गर्दी, पाऊस व सततची चाल यांमुळे लेन्स बदलणे अवघड जाते. तेथे फुल फ्रेमवरील २४–७० मिमी.च्या तोडीची एकच झूम व पाऊस अडविणारे आवरण पुरते. गडावर मुक्काम करून तारे टिपणाऱ्यास वाइड लेन्स व ट्रायपॉड दोन्ही हवेत. ५०० ला फुल फ्रेमतुल्य फोकल लेंथने भागल्यास तारे रेघांसारखे न ताणता किती सेकंद शटर उघडे ठेवता येईल, याचा ढोबळ अंदाज मिळतो. २० मिमी.साठी तो २५ सेकंद येतो.

वापर : उद्भासन (एक्स्पोजर) हे छिद्र, शटरगती व आयएसओ या तिघांनी सांभाळले जाते. एफ/२, २.८, ४, ५.६, ८ या क्रमात प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. नवशिक्याने छिद्र स्वतः ठरवून शटरगती कॅमेऱ्यावर सोपवावी आणि आयएसओची कमाल मर्यादा व किमान शटरगती बांधून द्यावी. कंपनरोधक नसल्यास फोकल लेंथइतक्या छेदाची, म्हणजे २०० मिमी.ला १/२०० सेकंद किंवा त्याहून जलद शटरगती ठेवावी. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक दृश्य मध्यम करड्या छटेचे मानतो. त्यामुळे पांढरे धोतर-टोपी घातलेला वारकरी काळपट, तर काळ्या पाषाणातील मूर्ती फिकट येऊ शकते. पहिल्या वेळी उद्भासन वाढवावे, दुसऱ्या वेळी घटवावे व हिस्टोग्रामवर खात्री करावी. जेपेग चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात, तर प्रक्रिया न केलेल्या १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्यामुळे सावलीतील तपशील व रंगसंतुलन नंतर सुधारण्यास रॉमध्ये अधिक वाव राहतो.

पूरक साहित्य : ट्रायपॉड मधला दांडा न उचलता डोळ्याच्या उंचीच्या आसपास येणारा आणि सर्वांत जड लेन्स सहज पेलणारा असावा. फ्लॅश समोरून मारण्याऐवजी पांढऱ्या छताकडे वळविल्यास प्रकाश मऊ पडतो. पोलरायझर पाण्यावरील व ओल्या पानांवरील चकाकी घटवितो आणि हा परिणाम संगणकावर नंतर नेमका साधत नाही. मेमरी कार्डावरील व्ही३० ही खूण सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लेखनवेग दर्शविते.

वापरलेले साहित्य घेताना शटर किती वेळा उघडले, ते विचारावे. लेन्समधून विजेरीचा प्रकाश पाडून बुरशीचे धागे दिसतात का पाहावे आणि एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचे चित्र काढून संवेदकावरील डाग तपासावेत.

निगा : कोकण, गोवा व घाटमाथ्यावरील पावसाळी हवेत लेन्समध्ये बुरशी धरते आणि ती काचेवरील लेप कायमचा खराब करू शकते. साहित्य ४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेत, ड्राय कॅबिनेटमध्ये किंवा सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावे. जेल ओलावल्यावर तापवून पुन्हा वापरता येते. बंद कातडी पिशवीत लेन्स महिनोन्महिने ठेवू नये. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरताना कॅमेरा काही वेळ बंद पिशवीतच राहू द्यावा, म्हणजे काचेवर दव धरत नाही. धूळ आधी ब्लोअरने उडवावी, मगच मऊ कापड लावावे. कार्ड रिकामे करण्यापूर्वी छायाचित्रांच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर कराव्यात व त्यांपैकी एक घराबाहेर ठेवावी. डिस्कचा हा खर्च कॅमेरा घेतानाच हिशेबात धरावा.