बांधावरून गाडी टिपताना

जानेवारी १९७४. अंधार असतानाच तुम्ही दापोऱ्याहून सायकल काढली आणि आता बुऱ्हाणपूरच्या अलीकडे, भुसावळच्या बाजूला, शेताच्या बांधावर उभे आहात. केळीच्या पानांवरून दव ठिबकतंय. हा सगळा मुलुख अजून पूर्व निमाड जिल्ह्यात आहे. बुऱ्हाणपूर जिल्हा व्हायला २००३ उजाडेल. रुळांवर विजेच्या तारा नाहीत, खांबही नाहीत. आज तुम्हाला मिळणारं आभाळ तुमच्या नातवंडांना मिळणार नाही.

गळ्यात अ‍ॅग्फा क्लिक थ्री, रोलमध्ये बारा फोटो. दोन संपलेत.

भुसावळकडून येणारी गाडी सकाळी उगवतीकडे तोंड करून येते, म्हणून इंजिनाचं नाक, दिवा, बफर उजळून निघतात. खांडव्याकडून येणारी असेल तर तिची वाट संध्याकाळी बघायची. जागा ठरवते ती सूर्याची बाजू. गावात कुणी हे शिकवत नाही, रोल वाया घालवूनच ते कळतं.

क्षितिजावर धूर दिसतोय. आवाज त्याच्यामागून येईल.

या कॅमेऱ्याचं शटर संथ आहे, सेकंदाचा तिसावा भाग धरून चाला. तेवढ्या वेळात ताशी साठ किलोमीटरची गाडी अर्धा मीटर पुढे सरकते. आडवी टिपलीत तर चाकांची नुसती रेघ उमटेल. म्हणून थोडं समोरून, तिरकं उभं राहायचं, म्हणजे गाडी फोटोत सरकण्याऐवजी मोठी होत येते. कोपर बरगडीला टेकवा. श्वास धरा.

मालगाडी आहे. पुढे डब्ल्यूजी, दांड्यांनी जोडलेली आठ मोठी चाकं. चित्तरंजनच्या कारखान्याने १९५० पासून ही इंजिनं बनवली आणि ब्रॉडगेजसाठीचं शेवटचं वाफेचं इंजिन, ‘अंतिम सितारा’, चारच वर्षांपूर्वी बाहेर पडलं. थंडीमुळे वाफ पांढरीशुभ्र होऊन मागे लोळतेय. मे महिन्यात हेच इंजिन एवढं देखणं दिसलं नसतं. पायांखालची माती हलू लागते. फायरमन वाकलाय, भट्टीचा उजेड त्याच्या गालावर आहे. आत्ता!

खटका दाबलात. मग कॅमेरा खाली करा आणि डबे जाऊ द्या, नुसते बघा. निम्मा आनंद तिथेच असतो, आणि फोटोच्या नादात तोच हुकतो. गार्डाचा डबा जाताना हात वर करा. तोही करेल.

आणखी मागे जायचंय? १८७० च्या मार्चमध्ये जबलपूरपर्यंतचा मार्ग जोडला गेला आणि मुंबई-कलकत्ता गाड्या इथूनच जाऊ लागल्या. ज्यूल व्हर्न कधी हिंदुस्थानात आला नाही, पण त्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या कादंबरीतला पासपार्तू बुऱ्हाणपुरात उतरून नकली मोत्यांच्या सपाता विकत घेतो. तुम्ही मात्र तेव्हा धावती गाडी टिपू शकला नसता. काचेवर ओला लेप द्यायचा, तो सुकण्याआधी फोटो काढून धुवायचा, आणि फोटो निघेपर्यंत गाडीने निश्चल उभं राहायचं. म्हणून त्या काळाच्या फोटोंत इंजिनं उभीच दिसतात.

आता आजच्या दिवसात या. १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित सेवा संपली, बहुतेक डब्ल्यूजी भंगारात गेली. त्यांतली कुणाच्या तरी बांधावरच्या रोलमध्ये उरली तेवढीच हाती आहेत. म्हणून सांगतो, समोर रोजची म्हणून कंटाळवाणी वाटणारी गाडी सोडू नका. डब्ल्यूएजी-१२ हे विजेचं इंजिन येतंय बघा, दोन जोड-भागांचं, १२,००० अश्वशक्तीचं. पंजाब मेल १९१२ पासून धावतेय, तीही टिपा. नोव्हेंबर २०२४ मध्ये भुसावळ-खांडवा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाला मंजुरी मिळाली, १३१ किलोमीटर. काम होईल तसा तुमच्या ओळखीचा हा काठ बदलत जाईल. त्याआधी फोटो काढा, पण बांधावरून, रेल्वेच्या हद्दीबाहेरून; रुळांवर उतरणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि जीवही एकच असतो. फोटोसोबत तारीख, इंजिनाचा क्रमांक आणि गाडी कुठल्या दिशेला चालली होती, एवढं लिहून ठेवा.