तत्त्वज्ञान : भिलाई आणि दक्षिण कोसल

तत्त्वज्ञान : जग मुळात कशाचे आहे, ते आपल्याला कळते कसे आणि माणसाने वागावे कसे, या प्रश्नांचा युक्तिवादाने शोध घेणारी ज्ञानशाखा. पहिल्या प्रश्नातून तत्त्वमीमांसा, दुसऱ्यातून ज्ञानमीमांसा व तिच्या हातातले साधन म्हणून तर्कशास्त्र, तिसऱ्यातून नीतिशास्त्र आणि राज्यविचार अशा शाखा झाल्या. कलेचा अनुभव इतर अनुभवांहून वेगळा का, हा सौंदर्यशास्त्राचा विषय. या कुंपणांचा उपयोग विद्यापीठांना जास्त, विचारवंतांना कमी. खाली येणारी बहुतेक माणसे एकाच वेळी दोन-तीन वावरांत उभी आहेत.

प्रारंभीच्या विचारवंतांत उपनिषदांतील उद्दालक आरुणीचे नाव आधी घ्यावे लागते. मुलाला, श्वेतकेतूला, तो वडाचे फळ फोडायला लावतो, मग त्यातले बी फोडायला लावतो आणि आत काहीच दिसत नाही तिथे एवढ्या झाडाचे मूळ दाखवतो. याज्ञवल्क्याला सभेत प्रश्न विचारून अडवणारी गार्गी याच परंपरेतली. ग्रीकांत मायलीटसच्या थेलीसने इ.स.पू. सहाव्या शतकात सर्वांचे मूळ पाणी आहे असे म्हटले. गोष्ट चुकीची निघाली, पण देवांची नावे न घेता उत्तर देण्याची रीत पडली. बुद्ध आणि महावीर यांच्या आगेमागेच अजित केशकंबलीसारखे जडवादीही बोलत होते. पुढे सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल ही ग्रीक गुरुशिष्यांची साखळी झाली. इकडे कणादाच्या नावे परमाणुवाद आणि गौतमाच्या नावे प्रमाणांचे शास्त्र सूत्रबद्ध झाले.

भिलाई (जि. दुर्ग, छत्तीसगड) रायपूरच्या पश्चिमेस आहे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथे पोलाद कारखाना आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मात्र हा प्रदेश जुन्या भूगोलात दक्षिण कोसल म्हणून येतो, आणि तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्याची जागा नागार्जुनामुळे आहे.

नागार्जुन हा इ.स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला, बौद्धांच्या माध्यमिक मताचा प्रवर्तक. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग कोसल देशाच्या वर्णनात सांगतो, की येथल्या सातवाहन राजाने नागार्जुनासाठी डोंगर कोरून विहार करविला होता. वाद घालायला आलेल्या आर्यदेवाची गोष्टही तो याच प्रकरणात देतो. नागार्जुनाने पाण्याने काठोकाठ भरलेले पात्र बाहेर पाठविले. आर्यदेव काही न बोलता त्यात सुई टाकून मोकळा झाला आणि शिष्य म्हणून आत घेतला गेला. ह्युएनत्संगाचा कोसल नेमका कोणता, यावर वाद आहे. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने त्याची राजधानी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, नेली. रामटेकजवळही नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे. छत्तीसगडात महानदीकाठच्या सिरपूरचे नाव घेतात. सिरपूरला १९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात आनंदप्रभू कुटी विहार उजेडात आला. पण तो राजा महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळातला, नागार्जुनानंतर काही शतकांचा. त्यावरून येथे बौद्ध अध्ययन रुजले होते एवढे सिद्ध होते, नागार्जुन येथे राहिला हे नाही. स्थानिक अभिमानाने हा फरक पुसू नये.

जागेपेक्षा युक्तिवाद महत्त्वाचा. ज्याला स्वतःचा असा पक्का स्वभाव आहे ते बदलणार नाही आणि कशावर अवलंबूनही राहणार नाही. जगातली प्रत्येक वस्तू मात्र कारणांवर अवलंबून आहे. म्हणून प्रत्येक वस्तू निःस्वभाव, म्हणजेच शून्य आहे. शून्य म्हणजे ‘नाही’ नव्हे, हे तो वारंवार बजावतो, आणि शून्यता हीच एक वस्तू मानून बसणाऱ्याला तर तो असाध्य रोगी ठरवतो. ही झाली ‘मूलमध्यमककारिके’ची तत्त्वमीमांसा. ‘विग्रहव्यावर्तनी’त तो ज्ञानमीमांसेला हात घालतो. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द या चार प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, वस्तू सिद्ध होतात असे नैयायिक, म्हणजे गौतमाच्या शास्त्राचे अनुयायी, म्हणतात. मग ही प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणाने म्हटले तर ही साखळी संपत नाही. अग्नी जसा स्वतःलाही उजळतो तसे प्रमाण स्वतःला सिद्ध करते, असे म्हटले तर नागार्जुन विचारतो : अग्नीत अंधार होताच कुठे, की त्याने स्वतःला उजळावे? समोरचा उलटतो : सगळेच शून्य, तर तुझे वाक्यही शून्य! यावर त्याचे उत्तर, की मी काही सिद्ध करायला निघालेलोच नाही, मला प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायचे विधानच, नाही. ही पळवाट की तर्काचा कळस, यावर अजूनही एकमत नाही. प्रस्तुत लेखकाला ती पळवाट वाटत नाही. दुसऱ्याच्याच गृहीतांनी दुसऱ्याला अडवणाऱ्याला स्वतःचे गृहीत लागत नाही.

नागार्जुनानंतर या प्रदेशाशी जोडलेले दुसरे नाव शुद्धाद्वैताचे प्रवर्तक वल्लभाचार्य (१४७९–१५३१) यांचे; ते छत्तीसगडातल्या राजीमजवळच्या चंपारण्यात जन्मले. आईवडील तेलुगू, काशीहून वाटेवर होते. जग ही माया नसून ब्रह्माचेच खरे रूप आहे, हे त्यांचे शंकराचार्यांहून वेगळेपण.

नीतिशास्त्राचा धागा भोसल्यांच्या अमलात लागतो. १७४१ पासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांकडे होते; इथल्या अनेक मराठी घराण्यांची मुळे त्या काळातली. याच काळात गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी सतनाम पंथ उभा केला. मूर्तिपूजा नको, जातिभेद नको, सर्व माणसे सारखी. ग्रंथ न लिहिता मांडलेले हे नीतिशास्त्र आहे आणि कोशांनी त्याला ‘समाजसुधारणा’ या कप्प्यात टाकून धाकटे केले आहे.

मराठी घरातले माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले. समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ (१९१५) हिंदीत नेले ते त्यांनीच. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांच्याशी झगडा आहे, बहुतांचे बहुत सुख ही कसोटी का अपुरी, हे टिळकांनी सविस्तर तपासले. कर्तव्याचे हे शास्त्र हिंदी वाचकाला रायपूरच्या एका मराठी माणसाने दिले.

भिलाईशेजारच्या राजनांदगावात दिग्विजय महाविद्यालयात गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) १९५८ पासून शिकवीत. घरची भाषा मराठी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी-समीक्षक. ‘एक साहित्यिक की डायरी’त गजाननरावांनी कलानिर्मितीचे तीन क्षण मांडले : उत्कट अनुभव, त्या अनुभवाचे आपल्या दुखऱ्या मुळांपासून तुटून कल्पनाचित्र होणे, आणि त्याला शब्द देण्याची सुरुवात, जिच्यात ते चित्र पुन्हा बदलत जाते. मराठी सौंदर्यशास्त्रीय चर्चेत मर्ढेकरांइतका हा विचार यायला हवा होता. तो हिंदीत राहिला.

भिलाईच्या पोलादाभोवती घडलेला राज्यविचार म्हणजे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांचा. बंगालमधून आलेल्या नियोगींनी आधी भिलाईच्या कारखान्यात काम केले. १९७७ मध्ये दल्ली-राजहरा येथे, भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या खाणींत, त्यांच्या नेतृत्वाखाली ठेका मजुरांची संघटना झाली. खाणींचे पूर्ण यांत्रिकीकरण होणार असे दिसताच त्यांनी यंत्राला सरसकट विरोध केला नाही. अर्ध-यांत्रिकीकरणाचा आराखडा पुढे ठेवला. यंत्र कोणते आणि किती, हे उत्पादनाच्या आकड्यावर ठरवायचे की त्यावर जगणाऱ्या माणसांवर? तंत्रज्ञानाच्या तत्त्वज्ञानातला हा प्रश्न खाणीच्या तोंडाशी विचारला गेला. ‘संघर्ष और निर्माण’ हे त्यांचे सूत्र होते. त्यातल्या निर्माणाचा भाग म्हणून १९८३ मध्ये कामगारांच्या वर्गणीतून व श्रमातून दल्ली-राजहराचे शहीद रुग्णालय सुरू झाले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेत असताना नियोगींचा गोळी घालून खून झाला. रुग्णालय त्यानंतरही चालू राहिले.